कोणाचीच हरकत नाही असं धरून

तो शहाणा मीच. नाही, थट्टा नाही करत दादा — तुम्ही आत्ता म्हणालात ना, कुठल्या शहाण्यानं हा गॅस बंद केला त्याला एकदा या गॅलरीत आणून उभा करायला पाहिजे — तर उभा आहे. हा काय, तुमच्या पायाखालची शिडी धरून उभा आहे. माझ्याकडे बघू नका, शिडी हलते. एकट्यानं बंद केला असं नाही, शंभराच्या वर देश होते, पण आपल्या देशाच्या वतीनं तिथं खुर्चीत कोण बसलं होतं म्हणाल तर हाच देह. सोळा वर्षं. पर्यावरण खात्यात गारव्याचे गॅस माझ्याकडे — एसी, फ्रीज, शीतगृहं, ज्या ज्या पेटीतून थंड हवा येते ते सगळं — आणि घरात एसी हा एवढा एकच, तोही आईच्या खोलीत, तोही तुमच्याच शब्दांत म्हातारा. माझ्या खोलीत पंखा. तत्त्व म्हणून. म्हणजे आधी आळस म्हणून, मग लोक विचारायला लागले तेव्हा तत्त्व म्हणून.

हळू बोलतो हं, आई झोपली आहे आत आणि खिडकी उघडी आहे. एक्याऐंशी वर्षांची. गेल्या आठवड्यात उन्हानं चक्कर येऊन पडली, दोन दिवस सलाइनवर होती, डॉक्टरांनी बजावून सांगितलं की खोली सव्वीसच्या वर जाऊ द्यायची नाही — आणि आत आता किती आहे? चौतीस. मी दर दहा मिनिटांनी बघून येतो, जसं काही माझ्या बघण्यानं उतरणार आहे. आणि चार वाजता ताई येणार. माझी थोरली बहीण. काल फोनवर म्हणाली, चारला गाडी घेऊन येते, खोली गार असली तर चहा पिऊन परत जाईन, नसली तर आईला घेऊन जाईन. एवढंच. भांडली असती तर मी दोन शब्द ऐकवले असते, पण ती भांडतच नाही ना. आणि चूक काय आहे तिची? मी सोळा वर्षं जगाचं तापमान कमी करत हिंडत होतो तेव्हा आईला दवाखान्यात कोण न्यायचं? तीच. बिलाच्या रांगेत कोण उभं राहायचं? तीच. मागच्या वर्षी मीच हट्टानं आईला इकडे आणलं, म्हटलं आता माझी पाळी, आता मी निवृत्तीला आलो, आता मी करणार. आता एकदा ताईनं नेली की ती परत यायची नाही, आणि मी मागणार तरी कुठल्या तोंडानं? म्हणून म्हणतो, चारच्या आत. अडीच वाजलेत.

नवं मशीन? सांगितलंय की. तीन आठवडे लागतील म्हणाले, सगळ्यांचीच जुनी मशीनं एकदम बसलीत. आणि नवा गॅस या जुन्या मशीनला चालत नाही हे तुम्ही मला समजावताय — समजवा, समजवा, मला आवडतं, त्यावर मी वीस पानांचं टिपण लिहिलेलं आहे, पण तुम्ही एका वाक्यात सांगितलंत ते जास्त कळलं. आणि हा जुना गॅस वाईट आहे हो, त्यात वाद नाही. हवेत सुटला की ऊब धरून बसतो, धुरापेक्षा शेकडो पटीनं. तुमच्या त्या सांध्याला साबणाचा फेस लावलात आणि बुडबुडे आले ना — त्यातला एकेक बुडबुडा म्हणजे माझं भाषण. मी भाषणात सांगायचो, घराघरांतून ही गळती होते आहे, आणि माझ्याच घरातून होत होती. किती दिवस होत असेल? महिनाभर? बरं.

कसं ठरतं म्हणता हे सगळं? तुम्हाला खरंच ऐकायचंय की वेळ घालवायला — असो, सांगतो. एक कागद असतो. त्यावर जिथं जिथं एकमत नाही तिथं चौकटी कंस. पहिल्या दिवशी कागद उघडला की मजकूर थोडा आणि कंस फार. मग दोन आठवडे आम्ही बसतो, एकेक कंस उचकटत, तुम्ही स्क्रू काढता तसे. फरक एवढाच की तुमचा निघाला की निघाला, आमचा एक निघाला की समोरचा दोन नवे बसवतो. त्या करारात सातव्या कलमात ‘शक्यतो’ असा एक शब्द आहे बघा — तो माझा. तीन दिवस लागले. तीन दिवस मी त्या एका शब्दासाठी घसा कोरडा केला आणि शेवटी तो बसवला तेव्हा आमच्या सचिवसाहेबांनी फोनवरून पाठ थोपटली. परवा तुमच्या दुकानात फोन केला, तर तिथल्या बाई म्हणाल्या, मेकॅनिक शक्यतो उद्या येतील. असा राग आला मला, म्हटलं शक्यतो म्हणजे काय, येणार की नाही ते सांगा. आणि मग फोन ठेवून इथंच बसलो, हसू येईना आणि रडूही येईना.

आणि ते सभागृह इतकं गार असायचं दादा, की पृथ्वी तापते आहे यावर बोलताना आमचे दात वाजायचे. माझ्या शेजारी एका लहानशा बेटावरच्या बाई बसायच्या. खुर्च्या देशांच्या नावाच्या अक्षरानं लावतात, त्यामुळं सोळा वर्षं त्याच शेजारी. त्यांच्या बेटाची दर वर्षी थोडी थोडी जमीन समुद्र खातो, आणि त्या दर वर्षी माझ्यासाठी एक जादा शाल घेऊन यायच्या, कारण मी दर वर्षी विसरायचो. मी त्यांच्या शालीत बसून त्यांच्या विरुद्ध बोलायचो. म्हणजे विरुद्ध असं नाही — त्या म्हणायच्या हा गॅस आजच बंद करा, आमच्याकडं वेळ नाही, आणि मला वरून हुकूम असायचा, म्हणा आमच्याकडं जुनी मशीनं लाखांनी आहेत, त्यांच्यात भरायला आणखी पाच वर्षं द्या. ही पाच वर्षं मिळाली असती ना, तर आज तुमच्या गाडीत सरळ लेबल लावलेला सिलिंडर असता आणि तुम्ही आत्तापर्यंत चहा पिऊन गेला असता.

मग का नाही मिळाली? वर्तमानपत्रात आलं होतं ते तुम्ही वाचलं नसेल. चार वर्षं झाली. ‘देशानं मन मोठं केलं’ असा मथळा, खाली माझा फोटो, डोळे मिटलेले. आपल्या देशानं आपली मागणी सोडली आणि बेटांसाठी त्याग केला, असं लिहिलं होतं. तेव्हापासून मला कॉलेजांत बोलावतात, हार घालतात, मी त्यागावर बोलतो. छान बोलतो. एकदा तर मुली रडल्या.

ती? आत फळीवरची? हो, ती पाटीच आहे. आपल्या देशाचं नाव. तुमची नजर बरी आहे, शिडीवरून खिडकीतून — ती पाटी टेबलावर असते, आमच्यासमोर. आमच्याकडं बोलायचं असेल तर हात वर करत नाहीत, ती पाटी उभी करतात. अध्यक्ष पाट्या बघतात, माणसं बघत नाहीत. आणि कोणाचीच पाटी उभी नसली की अध्यक्ष म्हणतात, कोणाचीच हरकत नाही असं धरून, मंजूर. आणि हातोडा. मतदान नाही, सह्या नाहीत. मूग गिळून बसलात म्हणजे हो म्हणालात. माझ्याकडं कशी आली? चोरली. आता विचारलंतच म्हणून सांगतो. सगळेच चोरतात हो, शेवटच्या दिवशी — मोठमोठे लोक, पांढऱ्या केसांचे, इकडे तिकडे बघत पाटी बॅगेत सारतात, तो आमच्यातला रिवाजच आहे, आणि कोणी कोणाला बघितलं तरी बघत नाही. मी बारा वर्षं नव्हती चोरली. पण आईनं मागितली. आई वजनमापं खात्यात होती, एकतीस वर्षं बाजारात फिरून दुकानदारांची वजनं तपासायची, वजन खरं असलं तर शिक्का मारायची. तिला तोंडी सांगितलेलं काही पटतच नाही, हातात वस्तू लागते. मी सांगायचो, आई, मी देशाच्या नावाच्या पाटीमागं बसतो, तर म्हणायची, कुठाय पाटी. मस्करीत म्हणायची, पण दर वर्षी म्हणायची. त्या वर्षी निघताना म्हणाली, आता माझे किती दिवस राहिले, यंदा आण.

तर शेवटचा दिवस. गॅसबंदीचं ते कलम आमच्या पाच वर्षांच्या मागणीपायी आदल्या दिवशी अडलं होतं, आणि अध्यक्षांनी स्वतः सांगितलं की हे घोडं काही पुढं जात नाही, पुढच्या वर्षी बघू. म्हणजे संपलं. दुपारच्या बैठकीत नुसते आभार — यजमानांचे आभार, दुभाष्यांचे आभार, कॉफी देणाऱ्यांचे आभार. मी म्हटलं, गर्दीत राहून जाईल, आत्ताच घ्यावी. घेतली, रुमालात गुंडाळली, बॅगेत तळाशी घातली, वर शाल, चेन लावली. आणि अध्यक्ष म्हणतात, आभारांच्या आधी एक लहानसं काम — सकाळी काही मंडळींनी कॉफी घेता घेता एकमेकांशी बोलून घेतलंय, तेव्हा ते अडलेलं कलम पुन्हा समोर ठेवतो, जादा वर्षांची मागणी वगळून, कोणाची हरकत? मी बॅग ओढली. चेन अडकली. शालीचा धागा चेनीत. मी ओढतोय, ती येत नाही, घाम फुटला, त्या गारठ्यात मला घाम फुटला दादा — आणि वरून ऐकू आलं, कोणाचीच हरकत नाही असं धरून. ठक्क.

मग टाळ्या. सगळं सभागृह उभं. आणि त्या बेटावरच्या बाईंनी माझे दोन्ही हात धरले आणि रडायला लागल्या. म्हणाल्या, तुम्हाला वरून काय हुकूम होता ते मला माहीत आहे, तरी तुम्ही गप्प राहिलात. म्हणाल्या, माझी नात तुमचं नाव लक्षात ठेवील. आता अशा बाईला काय सांगणार, चेन अडकली होती म्हणून? अजून दर वर्षी पत्र येतं त्यांचं. नातीचा फोटो असतो आत. मी उत्तरं लिहितो, तीही छान लिहितो. इकडे सचिवसाहेब आधी फाडून खाणार होते, पण वर्तमानपत्रात मन मोठं झाल्यावर तेही म्हणायला लागले, हे आम्ही ठरवूनच केलं. मला बढती मिळाली. मी नाही म्हटलं नाही, तिथंही गप्पच बसलो. आईनं पाटी फळीवर ठेवली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते — हिच्यामागं बसून माझ्या मुलानं देशाचा शब्द दिला. पोस्टमनला सांगितलंय. दूधवाल्याला तर दोनदा.

आता ऐका. मघाशी तुम्ही हत्यारं काढताना मी गाडीत डोकावलो. मुद्दाम नाही. मागं पोत्याखाली एक सिलिंडर आहे, लेबल खरवडलेला. आहे ना. मी काही विचारत नाही तो कुठून आला, जुन्या मशीनांतून काढून साठवलेला असेल, मोडीत निघालेल्या दुकानातून असेल, मला माहीत नाही आणि मला माहीत करून घ्यायचं नाही. लायसन जाईल तुमचं? जाईल, खरं आहे. तेही कलम आमचंच, मसुदा मीच केला होता — भरणाऱ्याचं लायसन कायमचं रद्द. भरून घेणाऱ्याला काय? नुसती ताकीद. आता मला कळतंय, ते कलम भरून घेणाऱ्यानंच लिहिलं होतं. पण ऐका, आपण असं करू, शब्द बदलू — भरलाच नाही म्हणू, होता तो शिल्लक निघाला म्हणू. नाही पटत? बरं, मग सांधा जुळवला आणि दाब आपोआप वाढला. हसू नका, मी याहून वाईट वाक्यं शंभर देशांकडून मंजूर करून घेतलीत. हातापाया पडतो तुमच्या. तीन आठवडे फक्त. ताई येईल, गार वारा अंगावर घेईल, चहा पिईल आणि जाईल. नंतर मी स्वतः — तुम्ही गप्प आहात. आमच्यात याला होकार म्हणतात. नाही, नाही, जबरदस्ती नाही, विचार करा.

काय? हात का नाही वर केला? पाटी नव्हती तर हात — हो. हात करता आला असता. ओरडता आलं असतं. तोंड होतं की. चार वर्षांत हे मला कोणी विचारलं नाही हो, सचिवसाहेबांनी नाही, पेपरवाल्यांनी नाही, आणि तुम्ही शिडीवर उभ्या उभ्या — तुम्ही त्यांच्यात बसायला हवं होतं. खरं सांगू? चेन निघाली होती. अडकली होती, पण निघाली. पाटी माझ्या हातात होती, टेबलाखाली, रुमालातून अर्धी बाहेर. अध्यक्ष अजून बघत होते. डावीकडून उजवीकडं, सावकाश, चांगला माणूस होता, घाई केली नाही त्यानं. वर करायची होती फक्त. पण वर केली असती तर सगळ्यांनी बघितलं असतं ना, की ती बॅगेतून आली. शेजारच्या बाईंनी बघितलं असतं. चोरून नेत होता, म्हणाले असते. सगळेच नेतात, पण पकडला गेलेला मी असतो. सहा सेकंद होती. देशाची पाच वर्षं एकीकडं आणि माझी लाज एकीकडं, आणि मी — बघा, त्यात बेटं कुठंच नव्हती. पृथ्वीही नव्हती. त्या सहा सेकंदांत मला पृथ्वीची आठवणसुद्धा झाली नाही. लाज वाटली म्हणून गप्प बसलो, आणि त्याला लोक त्याग म्हणतात, आणि मी हार घालून घेतो.

हे मी कोणाला बोललो नाही. तुम्हाला का सांगितलं कोण जाणे. उकाडा आहे. सव्वातीन झाले.

जाताय? आणताय? — मी काही बघितलं नाही. सावकाश, जिन्यात आपटू नका. आलात. बरं झालं. इथं ठेवा, सावलीत. ती नळी जोडा, मी गेज धरतो, मला वाचता येतं, तेवढं येतं. हो, जोडा. उघडा आता —

थांबा. जरा थांबा दादा, उघडू नका. आई? झोपली नव्हतीस? कधीपासून जागी — अगं, काही नाही, मशीनचं चाललंय, तू पड. पड तू, उठू नकोस. काय? नाही गं, चोरीचा नाही, शिल्लक — आई, तू कुठपासून ऐकत होतीस? सगळं?

दादा, एक मिनिट.

काय म्हणतेस? हो. हो, पडला. हातोडा पडला, आई, पण तो कसा पडला ते तू ऐकलंस ना आत्ता, ते काही मी मनापासून — हो. सगळ्यांसमोर. हो, लिहून झालं, कागदावर आहे. पण तो शब्द मी दिलाच नाही, तो नुसता — बरं. बरं आई. नाही, उलट नाही बोलत.

ती म्हणते, पडला ना, मग झालं. म्हणते, वजनावर शिक्का बसला की तो मारताना हात थरथरला होता की नाही ते कोणी बघत नाही, सगळा बाजार त्या शिक्क्यावर चालतो. म्हणते — ऐकताय ना तुम्ही, हे तुमच्यासाठी आहे — त्या माणसाचं लायसन घालवू नकोस, त्याला जाऊ दे. आणि ताईला फोन लाव, चारची वाट कशाला बघायची, आत्ताच ये म्हणावं. नाही, रागावलेली नाही. तेच तर. मी म्हटलं, आई, तीन आठवडेच, ओल्या चादरी लावतो, बर्फ आणतो, रात्रभर बसतो, तर म्हणते, तू बसशील रे, माझ्यानं सोसवणार नाही. आणि खाली पाय सोडून बसली पण. चप्पल शोधते आहे.

काढा ती नळी. सिलिंडर झाकून न्या. आजच्या येण्याचे काय ते घेऊन जा, नाही कसं, घ्या. शिडी राहू दे, ती आमचीच आहे.

तिची बॅग भरायची आहे. माझी मी दहा मिनिटांत भरतो, डोळे मिटून, दोन आठवड्यांची, सोळा वर्षांची सवय. आणि तिची — गोळ्या किती प्रकारच्या असतात, सकाळी कुठल्या, उशाशी काय लागतं तिला, कुठल्या कुशीवर झोपते, एक वर्ष या घरात आहे ती आणि मला सगळं तिलाच विचारावं लागणार आहे. एकेक करून. निघा तुम्ही, दादा. तुमच्यासमोर विचारायची लाज वाटते.